समोरची बाजू गप्प झाली

रॅमस्बीच्या बस डेपोत सोमवारी सकाळी काम कधी वेळेवर सुरू होत नसे. आधी शनिवारच्या फुटबॉल सामन्याचा पंचनामा व्हायचा, मग गाड्यांखाली दिवे लागायचे. फोरमनने दोनदा नोटीस लावून पाहिली. दोन्ही नोटिसांवर कुणीतरी पुढच्या सामन्याचा अंदाज लिहून ठेवला, तेव्हापासून त्याने नाद सोडला.

या पंचनाम्याचे मुख्य वकील दोन. एक नेव्हिल क्रॅब्ट्री, वय छप्पन्न, गिअरबॉक्सचा मिस्त्री, रॅमस्बीच्या संघाचा जन्मजात भक्त. दुसरा मर्विन हॉल्गेट, वय बावन्न, ब्रेकचं काम बघणारा, राहणारा डोंगरापलीकडे आठ मैलांवरच्या वेदरशॉला आणि त्या गावाच्या संघाचा तितकाच कडवा. बावीस वर्षं हे दोघं शेजारशेजारच्या खड्ड्यांत उभे राहून गाड्यांची पोटं उघडत होते आणि एकमेकांची टोपी उडवत होते. वेदरशॉचं मैदान म्हणजे मेंढ्या चारायचं कुरण, असं नेव्हिलने म्हणायचं. रॅमस्बीत चषक ठेवायचं कपाट आहे, पण त्यात सफाईवाल्याच्या बादल्या ठेवतात, असं मर्विनने म्हणायचं. कँटीनमधली माणसं चहाचे पेले घेऊन ऐकायला उभी राहत.

या दोघांचा एक नियम होता. दोन गावांचा आपसात सामना झाला, की हरलेल्याने सोमवारी जिंकलेल्या संघाचं मफलर गळ्यात घालून पाळी संपेपर्यंत काम करायचं. उकाडा असो, तापानं अंग फणफणलेलं असो, सूट नाही. बावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. नेव्हिलने एकदा तर दाढ काढलेल्या सुजऱ्या तोंडावर वेदरशॉचं हिरवं मफलर मिरवलं होतं आणि मर्विनने त्या दिवशी त्याच्यासाठी घरून गरम सूप आणलं होतं.

नेव्हिलची आणखी एक ख्याती होती. तो गाणी रचायचा. मैदानात रेल्वेच्या रुळांकडची जी बाजू, तिथे मधल्या खांबापाशी त्याची जागा. तिथून त्याने एक ओळ टाकली, की दोन हजार घसे ती उचलत. वेदरशॉच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून एकदा चेंडू सरळ आत गेला, तेव्हा नेव्हिलने जागच्या जागी गाणं केलं, की या घराला दार आहे पण कडी नाही, या पाहुणे या. उत्तरार्धात तो गोलकीपर याच बाजूला उभा राहिला आणि गाणं सुरू होताच त्याने वाकून दार उघडल्यासारखं केलं. सगळी बाजू हसली आणि त्या गड्यासाठी टाळ्या वाजल्या. नेव्हिल ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना दहादा सांगे. त्याची बायको ग्लेनिस म्हणायची, की आमच्या लग्नाची तारीख याला आठवत नाही, पण त्या गोलची मिनिटासकट आठवते.

आपल्याकडे म्हण आहे, मस्करीची कुस्करी होते. ती कधी होते हे मात्र होऊन गेल्यावरच कळतं. नेव्हिलला ते कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी, दोन गावांच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, मर्विन हात पुसत म्हणाला, "उद्या आईला घेऊन येतोय."

"म्हातारीला? या थंडीत?"

"ब्याऐंशीची झाली. म्हणते, मरायच्या आधी एकदा बघायचाय आपला संघ. अडतीस वर्षांनी येतेय ती सामन्याला. जरा बरं गा रे बाबा."

"तिच्यासाठी खास गाईन," नेव्हिल म्हणाला आणि दोघंही हसले. ही बाई अडतीस वर्षं का आली नाही, असं काही नेव्हिलने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या ओळी जुळत होत्या.

शनिवारी मैदान भरलं. मर्विन आपल्या आईला घेऊन समोर, पाहुण्यांच्या बाजूला, खालच्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसला. म्हातारीच्या गुडघ्यांवर हिरवं पांघरूण होतं. नेव्हिलने लांबून हात केला, मर्विनने दोन्ही हातांनी काहीतरी असभ्य खूण करून उत्तर दिलं. म्हणजे सगळं ठीक होतं.

पहिला अर्धा तास गाण्यांची अशीच देवाणघेवाण झाली. मग वेदरशॉवाल्यांनी गिरणीचं गाणं काढलं. रॅमस्बीची लोकरीची गिरणी बंद पडून जमाना झाला, पण ते गाणं दर वर्षी येतं. गिरणी गेली, भोंगा गेला, उठवणार आता कोण? नेव्हिलचे वडील त्याच गिरणीत तीस वर्षं होते. त्या दिवशी का कुणास ठाऊक, ते नेव्हिलला झोंबलं. त्यात वेदरशॉचे लोक घड्याळं दाखवून जांभया देऊ लागले. त्याच्या बाजूचे लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले. आता उत्तर हवं होतं आणि ते लगेच हवं होतं.

नवीन काही सुचेना. तेव्हा त्याच्या तोंडून एक जुनं गाणं निघालं.

ते गाणं त्याने रचलेलं नव्हतं. तो तिशीत असताना या बाजूला ते म्हटलं जायचं, मग विरलं. अडतीस वर्षांपूर्वी वेदरशॉच्या पाठीराख्यांची एक बस दूरचा सामना बघून परत येताना डोंगररस्त्यावर बर्फात घसरून दरीत गेली होती. अकरा माणसं गेली. त्यावर कुणा नतद्रष्टाने हे गाणं केलं होतं आणि चाल लावली होती शाळेतल्या प्रार्थनेची, संथ, सगळ्यांच्या ओळखीची. "वेदरशॉची गाडी आली का घरी? अजून नाही, अजून नाही." पुढच्या ओळी इथे लिहायला माझा हात धजत नाही. नेव्हिलचे वडील हयात असताना हे गाणं सुरू झालं, की खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसायचे. नेव्हिलने ते पाहिलेलं होतं. तरी तो गायला.

आधी पंचवीस-तीस जणांनी उचललं, मग शंभरांनी, मग सगळ्या बाजूने. ज्यांना शब्द माहीत नव्हते त्यांनी दुसऱ्या फेरीला पाठ केले. दोन हजार माणसं प्रार्थनेच्या चालीवर, हात उंचावून, डोलत म्हणत होती.

आणि समोरची बाजू गप्प झाली.

फुटबॉलच्या मैदानात समोरच्यांना गप्प करणं हाच गाणाऱ्याचा गोल. गोल झाला नाही तरी चालतो, पण समोरचे घसे बंद पडले पाहिजेत, हे इथल्या माणसाला बापाच्या खांद्यावर बसून शिकवलेलं असतं. नेव्हिल आजवर शंभरदा त्यांना गप्प करू पाहत होता. ते हसायचे, शिट्ट्या वाजवायचे, उलट गायचे. आज पहिल्यांदा तिकडे आठशे माणसं नुसती उभी होती. कुणी शिव्या देईना की मूठ दाखवीना. नेव्हिलला आनंदाचं भरतं आलं. त्याने त्यावर दुसरी ओळ चढवली, "गाणं संपलं का रे तुमचं? गाणं संपलं का?" आणि सगळी बाजू खिदळली. पाच मिनिटांनी रॅमस्बीचा गोल झाला आणि त्यांनी सामना एक शून्यने जिंकला. घरी जाताना अनोळखी माणसं नेव्हिलची पाठ थोपटत होती.

सोमवारी तो पाळीच्या अर्धा तास आधी डेपोत हजर. हातात लाल मफलर, धुऊन इस्त्री केलेलं. मर्विन वेळेवर आला. त्याने काही न बोलता मफलर नेव्हिलच्या हातातून घेतलं, गळ्यात घातलं, दोन वेढे दिले आणि खड्ड्यात उतरला.

नेव्हिलने सुरुवात केली. घसा बसला का रे? की वेदरशॉत बोलण्यावर कर लावलाय? मर्विनने पाना फिरवला. आजूबाजूचे दोघंतिघं हसले, मग हसायचे थांबले. चहाच्या सुट्टीत मर्विन खाली खड्ड्यातच राहिला. जेवायच्या वेळी त्याने एकट्याने गाडीच्या मागच्या सीटवर बसून डबा खाल्ला, मफलर गळ्यात तसंच. नेव्हिलने आणखी एकदोन टोले मारून पाहिले आणि दुपारनंतर त्याची जीभ आपोआप आखडली. काहीतरी चुकलं होतं. काय ते मात्र त्याला खरंच कळत नव्हतं.

पाळीचा भोंगा झाला. मर्विन वर आला. त्याने मफलर काढलं, बाकावर पसरून नीट चौकोनी घडी घातली आणि नेव्हिलच्या पुढ्यात ठेवली.

"नियम पाळला," तो म्हणाला. "आता यापुढे माझ्याशी बोलू नकोस."

बावीस वर्षांत या माणसाने असा आवाज काढलेला नेव्हिलने ऐकला नव्हता. त्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

कँटीनमध्ये डेल्फीन बॅप्टिस्ट ट्रे धूत होती. ही बाई डेपोत एकोणतीस वर्षं स्वयंपाक बघत होती आणि मॅनेजरलाही उष्टा पेला स्वतः उचलायला लावत होती. नेव्हिल तिच्यासमोर जाऊन मटकन बसला आणि म्हणाला, की मर्विनला काय झालंय कुणास ठाऊक, एका गाण्यावरून एवढा रुसलाय.

डेल्फीनने नळ बंद केला. "कुठलं गाणं?"

त्याने सांगितलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"त्या गाडीत कीथ हॉल्गेट होता, नेव्हिल. मर्विनचा थोरला भाऊ. सतरा वर्षांचा. वेदरशॉच्या मैदानाच्या फाटकाशी दगड आहे, त्यावर सहावं नाव त्याचं."

त्या फाटकातून नेव्हिल वीसेक वेळा आत गेला होता. दगड पाहिला होता. त्याला टेकून सँडविच खाल्लं होतं.

"त्याने मला कधी सांगितलं नाही," तो कसाबसा म्हणाला.

"तू कधी विचारलंस? बावीस वर्षं त्याची थट्टा केलीस. तुझं घर कसं आहे, घरात कोण कोण होतं, एवढं कधी विचारलंस?"

मग माणूस चुकीत सापडला की जे करतो तेच नेव्हिलने केलं. तो वाद घालायला लागला. त्यांनी गिरणीचं गाणं काढलं होतं. त्याच्या वडिलांची नोकरी त्यात गेली होती. ते चालतं का? मैदानात असंच चालतं, दोन्हीकडून चालतं. ज्याला सोसत नाही त्याने बुद्धिबळ बघायला जावं.

डेल्फीनने त्याला बोलू दिलं. मग हात पुसून समोर बसली.

"गिरणीच्या गाण्यावर तुझे वडील काय करायचे? तूच सांगायचास. वेदरशॉच्या मेंढ्यांवर उलट गाणं म्हणायचे. उत्तर द्यायला दोन्हीकडे जिवंत माणसं होती ना? आता मला सांग, कीथ हॉल्गेटने तुला काय उत्तर द्यायचं?"

नेव्हिल टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसू लागला.

"मी एकदाच गेलेय त्या मैदानात," ती म्हणाली. "लग्न नवीन होतं. माझ्या नवऱ्याला फुटबॉलचं वेड. पाहुण्यांच्या संघात आमच्यासारखा एक काळा पोरगा होता. त्याच्या पायात चेंडू आला, की तुझी ती रेल्वेकडची बाजू माकडाचे आवाज काढायची. माझ्या शेजारचा माणूसही काढत होता. माझ्या कानाशी, नेव्हिल. मध्यंतर झालं तसं त्याने खिशातून टॉफीची पुडी काढली आणि मला एक दिली. म्हणाला, मनावर घेऊ नका हं बाई, नुसती गंमत असते. अगदी सज्जन चेहरा. मी ती टॉफी खाल्ली. मला त्याची आजही लाज वाटते. त्याला वाटली असेल असं काही दिसलं नाही."

"मी तसला नाही," नेव्हिल म्हणाला.

"तोही घरी जाऊन हेच म्हणाला असेल. थट्टा कशाला म्हणतात, तुला मी शिकवायला नको. तू तर उस्ताद. त्या गोलकीपरने वाकून दार उघडलं, त्याला थट्टा म्हणतात. आपल्या खेळाची, आपल्या संघाची, आपल्या जाडेपणाचीसुद्धा टोपी उडवली तर माणूस उलट उडवू शकतो. कातडीचा रंग, घरातलं मरण, यावर घाव घातला की तो माणूस खेळात राहतच नाही. तो गप्प होतो. आणि तुम्ही मूर्ख लोक त्याला विजय म्हणता."

समोरची गप्प झालेली बाजू नेव्हिलच्या डोळ्यांपुढे आली. खालच्या रांगेत हिरव्या पांघरुणात कोण बसलं होतं, ते त्याला आत्ता आठवलं. तिच्यासाठी खास गाईन, असं तो म्हणाला होता! तो उठून कँटीनच्या मागच्या दाराबाहेर गेला आणि बराच वेळ भिंतीला हात टेकून उभा राहिला.

बुधवारी पाळी संपल्यावर तो वेदरशॉला गेला. डोंगररस्त्याने जावं लागतं. ज्या वळणावर बस गेली होती तिथला कठडा बाकीच्या कठड्याहून उंच आहे. हजारदा तिथून जाऊनही तो उंच का, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं. आज गाडी आपोआप हळू झाली.

दार मर्विनने उघडलं. उंबऱ्यातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. नेव्हिल वाटेत पाठ केलेली वाक्यं सगळी विसरला. मला माहीत नव्हतं, एवढंच तो म्हणाला.

मर्विन खालच्या आवाजात बोलला, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तिला कमी ऐकू येतं. लांबून शब्द कळले नाहीत, नुसती चाल कळली. शाळेतली प्रार्थना. ती खूश झाली, नेव्हिल. म्हणाली, किती छान गातायत रे. आणि टाळ्या वाजवायला लागली. आजूबाजूचे सगळे लोक गप्प आणि माझी आई तुमच्या गाण्यावर टाळ्या वाजवतेय. मला तिचे हात धरून खाली ठेवावे लागले."

हे असलं काही ऐकावं लागेल, असं नेव्हिलच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला वाटलं होतं म्हातारी रागावली असेल, रडली असेल. त्यावर क्षमा तरी मागता येते. यावर काय मागणार?

"कोण आहे, मर्विन?" आतून आवाज आला. "थंडीत उभं काय केलंयस?"

स्वयंपाकघर लहानसं होतं. एडना हॉल्गेट टेबलाशी बसली होती. तिने मर्विनला किटली चढवायला सांगितली आणि नेव्हिलला समोरची खुर्ची दाखवली. भिंतीवर कीथचा फोटो होता, हिरवी टोपी, कानांवर आलेले केस, ओठांवर नुकती फुटलेली मिशी. नेव्हिलने तिकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहण्याची त्याची हिंमत झाली नाही.

"तू म्हणजे डेपोतला नेव्हिल ना? दाढ सुजली होती तो? मीच केलं होतं ते सूप," म्हातारी म्हणाली. "बरं झालं आलास. शनिवारी तू त्या बाजूला होतास. मला सांग, ते गाणं काय होतं? चाल ओळखीची होती. शब्द मला लागले नाहीत. हा काही सांगत नाही, नुसता म्हणतो जुनं आहे. पण माझे हात धरले याने. माझ्या कीथवर काहीतरी होतं, एवढं मला कळलंय. मी त्याची आई आहे. लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते मला माहीत नको?"

"आई, राहू दे," मर्विन म्हणाला.

"तू गप्प बस. तुला येतं ना रे, नेव्हिल?"

"येतं," नेव्हिल म्हणाला.

"मग म्हण. मी ऐकते. मोठ्याने म्हण, या कानाशी."

तिने डोक्यावरचा रुमाल बाजूला करून कान पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरोखर ऐकायचं होतं. नेव्हिलने तोंड उघडलं. वेदरशॉची, एवढा एक शब्द निघाला, पुढचा निघेना. ज्या घशामागे दोन हजार माणसं जात, त्यातून साधी हवासुद्धा येईना. किटली उकळायला लागली होती, मर्विनने ती उतरवलीही नाही.

"मला जमणार नाही," नेव्हिल शेवटी म्हणाला.

"का?"

"तुम्ही समोर बसल्या आहात."

एडना हॉल्गेटने कान मागे घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"शनिवारीही मी समोरच बसले होते, बाळा."

नेव्हिल रडला. छप्पन्न वर्षांचा, हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेला माणूस टेबलावर डोकं टेकून रडला आणि रडता रडता त्याने सांगून टाकलं, की सुरुवात करणारा मीच. म्हातारीने स्वतः उठून चहा ओतला. मग म्हणाली, चहा पी आणि अंधार पडायच्या आत जा, त्या वळणावर बर्फ असतं.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. नेव्हिल पस्तावला, घरी गेला, यापुढे ते गाणं म्हणायचं नाही असं त्याने ठरवलं. पण पुढच्या शनिवारी, दुसऱ्याच कुठल्या गावाचा संघ आलेला असताना, मागच्या रांगांतून ते गाणं सुरू झालं. कारण मागच्या शनिवारी ते लागू पडलं होतं! कुणीतरी फोनवर टिपलेलं गाणं आठवडाभर घराघरांत फिरलं होतं. बायकापोरं असलेली, नोकरीधंद्याची माणसं तोंड भरून म्हणत होती.

नेव्हिल वळून ओरडला, "बंद करा!"

माणसं हसली. त्यांना वाटलं याची नवीन काहीतरी गंमत आहे. एक जण म्हणाला, तुझंच तर गाणं आहे, नेव्ह, आता मालकी दाखवतोस का? नेव्हिलने हात जोडले, खुर्चीवर चढून हातवारे केले, गोलकीपरचं जुनं गाणं काढून पाहिलं. त्याच्या भोवतालच्या तीनचार रांगा तेवढ्या गोंधळून थांबल्या. बाकीची बाजू डोलत राहिली. एका घशाने जे सुरू होतं ते त्याच घशाने थांबत नाही, हे त्याला त्या दिवशी उमगलं आणि या सगळ्यात तीच गोष्ट सर्वांत भयंकर होती. त्याने आजूबाजूचे चेहरे पाहिले. सगळे ओळखीचे, सगळे सज्जन.

तो पायऱ्या उतरला आणि बंदोबस्ताच्या माणसाला म्हणाला, की मागच्या सामन्यात हे ज्याने सुरू केलं त्याला क्लब शोधतोय ना, तो मी. माझं नाव लिहून घ्या.

क्लबने त्याला दोन हंगाम मैदानबंदी केली. ग्लेनिसला वाटलं हा आता खचणार. पण नेव्हिलने क्लबकडे उलट एक मागणी केली, की जायच्या आधी मला पाठीराख्यांच्या सभेत पाच मिनिटं बोलू द्या. सभेला साठसत्तर माणसं होती. त्याला भाषण येत नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातलं सगळं जसं घडलं तसं सांगितलं, टाळ्यांसकट, आणि शेवटी म्हणाला, "मी उद्या वेदरशॉला जाणार आहे. तिला अजून ते शब्द ऐकायचेत. माझ्याच्याने होत नाही. तुमच्यापैकी कुणाला ते गाणं म्हणायचंच असेल, त्याने माझ्याबरोबर चला. तिच्या टेबलाशी बसा, तिच्या कानाशी म्हणा. मग शनिवारी खुशाल मैदानात म्हणा."

कुणी उठलं नाही. मालकीवरून टोमणा मारणारा तो माणूस खाली मान घालून बसला होता. पुढच्या सामन्याला गाणं पुन्हा निघालं, पण पाचसहा तोंडांतूनच, आणि शेजारच्यांनी ती गप्प केली, असं नेव्हिलला नंतर ऐकायला मिळालं.

मर्विन मात्र बोलत नव्हता. क्षमा केली असंही म्हणाला नाही. पाच आठवडे दोघं शेजारच्या खड्ड्यांत मुकाट काम करत होते. नेव्हिलने त्याला क्षमेबद्दल एक शब्द विचारून त्रास दिला नाही. तो रोज सकाळी नुसतं "आई कशी आहे?" एवढं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायचा. सहाव्या सोमवारी त्याने तसंच विचारलं. मर्विन गाडीखालून बाहेर आला, त्याने पान्यावरचं तेल पुसलं.

"बरी आहे. म्हणत होती, तू मैदानाबाहेर बसल्यापासून रॅमस्बीने लागोपाठ तीन सामने जिंकले. बंदी जन्मभराची करून घे म्हणावं, चषक मिळेल तुम्हाला."

नेव्हिलला हसावं की रडावं कळेना. "चषक ठेवायचा कुठे?" तो म्हणाला. "कपाटात बादल्या आहेत ना आमच्या."

मर्विन हसला नाही, पण खड्ड्यात उतरताना त्याने स्वतःचा दिवा नेव्हिलच्या बाजूला थोडा वळवून ठेवला, पूर्वी ठेवायचा तसा.

वाचकहो, मीही या गावांत बरीच वर्षं काढली आहेत, मीही त्या रेल्वेकडच्या बाजूला उभा राहिलो आहे, आणि खरं सांगायचं तर त्या शनिवारी सगळे गात होते तेव्हा मीही गप्प नव्हतो. म्हणून हे सांगायचा मला अधिकार नाही, पण सांगणं भाग आहे. थट्टा जरूर करा. थट्टेवाचून मैदान स्मशान होईल आणि मैत्रीही. पण गर्दीत तोंड उघडण्याआधी ज्याच्याबद्दल बोलताय त्या माणसाच्या स्वयंपाकघरात क्षणभर जाऊन बसा. तिथे, त्याच्या आईसमोर, जे म्हणता येईल तेवढंच बाहेर म्हणा. आणि समोरचा कधी अचानक गप्प झाला, तर आपण जिंकलो असं समजू नका. तिथेच थांबा आणि त्याला विचारा, काय झालं.